राजीखुशीचा कौल

माणूस फार नम्रपणे बोलायला लागला की मी आधी त्याचे हात बघते. सगळी नोकरी कस्टम्समध्ये काढल्याचा हा परिणाम. बॅगेत सोनं असलेला प्रवासी कधी खेकसत नाही. तो 'मॅडम, बघा ना, सावकाश बघा' असं म्हणतो. त्यामुळे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याच्या फाटकाशी रखवालदाराने गाडी थांबवून इतक्या अदबीने नमस्कार केला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बाये, हयसून पुढे रस्तो कंपनीचो," तो म्हणाला. "तुमी राजी असलात तर येवा. नसलात तर खुशाल परत जावा. जबरदस्ती नाय."

"आणि राजी आहे की नाही ते कोण ठरवणार?"

"ह्यो कौल." त्याने एक रबरी पट्टी पुढे केली आणि परवानगी विचारून माझ्या कपाळावर बांधली. पट्टीला काडेपेटीएवढं यंत्र होतं आणि त्याला एक दिवा. मी 'राजी आहे' म्हटलं आणि दिवा हिरवा झाला. मग तोच प्रकार रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, माझा फोटो काढला जाण्यासाठी, कचऱ्यासाठी, आग लागली तर कुणी विझवायची त्यासाठी. शेवटी त्याने विचारलं, भांडण झालं तर कुठलं न्यायालय पाहिजे, वरच्या आळीतलं की खालच्या? मी म्हटलं, अजून कुणाशी भांडले नाही. तो म्हणाला, "ता आदीच ठरवूचा लागता, बाये."

या वसाहतीचं नाव स्वाधीन. सिंधुदुर्गातल्या एका उघड्या सड्यावर, सरकारने स्वायत्त क्षेत्राचा कायदा केल्यावर ती वसली. इथे कर नाही, परवाने नाहीत, नगरपालिका नाही. माझा धाकटा भाऊ विश्राम दातांचा डॉक्टर. नलू, म्हणजे त्याची बायको, वारल्यावर तो इथे आला. का आलास, असं मी तेव्हा विचारलं होतं. "तिथले कोपरकर फारच मागे लागले गं," असं उत्तर मिळालं. विश्रामच्या आयुष्यातल्या बहुतेक घटनांचं कारण हेच असतं.

तो भिडस्त आहे. म्हणजे साधा भिडस्त नव्हे. एकदा भलत्याच लग्नाच्या हॉलमध्ये शिरला, यजमानांनी या या म्हणून हाताला धरलं, तर हा जेवून, वरातीपर्यंत थांबून, आहेर देऊन घरी आला. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांनी त्याला एकाच जातीचे तीन व्हॅक्यूम क्लीनर विकलेत. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्याला बघवत नाही, एवढंच त्याचं दुखणं.

आणि या माणसाचा मला फोन आला होता. "ताई, मी मुखत्यारी देतोय. शनिवारी सूर्यास्ताला पक्की होईल. म्हटलं तुला कळवावं."

"कशाची मुखत्यारी? घराची?"

"माझी," तो म्हणाला. "आजीवन. शेजारच्या पद्मजाबाईंना."

मी त्याच दिवशी ठाण्याहून निघाले.

* * *

विश्रामचं घर नीटनेटकं होतं आणि तो चांगला गोलमटोल दिसत होता. मला दोन्ही गोष्टी आवडल्या नाहीत. तो चहा ठेवायला गेला तेवढ्यात मी औषधांचं कपाट उघडून पाहिलं. झोपेच्या गोळ्या नाहीत, मन शांत ठेवण्याच्या नाहीत, फक्त इसबगोल. गादीखाली काही नाही, फोनला कुलूप नाही. जिथे काहीच सापडत नाही तिथे मी दुसऱ्यांदा बघते, म्हणून दुसऱ्यांदा पाहिलं. पुन्हा इसबगोल.

"आता सांग," मी म्हटलं. "मुखत्यारी म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे माझं सगळं त्या ठरवणार. मी कुठे राहायचं, दवाखाना कधी उघडायचा, आजारी पडलो तर कुठला उपचार, कुणाकडे जायचं-यायचं. कमाई त्यांच्याकडे, मला सांभाळायचं काम त्यांच्याकडे."

"आणि तुला नको झालं तर?"

"आजीवन आहे ना ताई. शनिवारपर्यंत मागे घेता येते. नंतर नाही. नंतर मी पळून गेलो तर इथलं न्यायालय मला परत त्यांच्याकडे देईल." हे त्याने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

"मी भेटायला आले तर?"

"त्यांना विचारावं लागेल," तो म्हणाला, आणि माझा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाला, "त्या नाही म्हणणार नाहीत गं. चांगल्या आहेत."

आई गेली तेव्हा हा शाळेत होता. त्याच्या डब्यापासून त्याच्या लग्नापर्यंत सगळं मी पाहिलेलं. आता मला त्याला भेटायला कुणाची तरी परवानगी लागणार होती, आणि ती कुणी माझ्यावर लादलेली नव्हती, यानेच राजीखुशीने लिहून दिलेली होती.

"पण का, विशू?"

त्याने कप बशीत नीट मधोमध ठेवला. "इथे सकाळपासून विचारतात, ताई. पाणी कुणाचं घेणार, रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालणार, शेजाऱ्याच्या रेडिओचा आवाज चालेल का. सगळ्याचं हो-नाही माझं मलाच. तिथे मुंबईत महापालिका होती, सोसायटी होती, तू होतीस. इथे मी एकटा राजा. थकलो मी."

हे ऐकून माझा संशय कमी व्हायला हवा होता. पण इतकं मुद्देसूद बोलणं विश्रामचं नव्हे. हे त्याला कुणीतरी पढवलंय, असं मी मनात टिपून ठेवलं.

इतक्यात ती कुणीतरी आलीच. पद्मजा आंगणे, पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत, हातात झाकलेलं पातेलं. शिरवाळे केले होते, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया. मला तिने आडून आडून न बघता सरळ पाहिलं.

"तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला आलात," ती म्हणाली. "घ्या. मीही घेतला असता. आधी खाऊन घ्या."

तिने वाढलं. विश्रामने खाल्लं आणि ताटावर हात आडवा धरला.

"अजून थोडे, डॉक्टर."

"नको, नको. पोट भरलं."

"माझ्यासाठी."

"बरं, वाढा."

मी तिच्या हाताकडे बघत होते. त्यात धाक नव्हता, लाडीगोडी नव्हती. जेवू घालणाऱ्या कुठल्याही बाईचा हात होता तो. विश्रामने ते संपवलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो हसत होता.

"माझ्याकडे अशी आणखी माणसं आहेत," पद्मजाबाई भांडी गोळा करताना म्हणाल्या. "एक चित्रकार आहे, एक निवृत्त न्यायाधीश आहेत. आयुष्यभर निकाल देऊन कंटाळले. इथे स्वातंत्र्य पुष्कळ आहे हो. सगळ्यांना नाही पेलवत."

त्या गेल्यावर मी विश्रामला म्हटलं, "बाई बिलंदर आहे."

"हो का?" तो म्हणाला. मला विरोध करायचा नाही म्हणून म्हणाला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरंजन कोपरकरांना गाठलं. वसाहत त्यांनी वसवली. साठीचे, सडपातळ, पांढरा शर्ट. बसायला सांगण्याआधी त्यांनी मला विचारलं की बसायला आवडेल का, आणि खिडकी उघडी चालेल का. असल्या माणसाची मी पूर्ण बॅग उघडते.

"तुमचं तत्त्वज्ञान मला समजेल अशा भाषेत सांगा," मी म्हटलं. "मी जन्मभर सरकारी नोकर आहे, म्हणजे तुमच्या दृष्टीने दरोडेखोर."

ते हसले. "दरोडेखोर नाही. पण न विचारता लोकांच्या बॅगा उघडत होतात, हे खरं ना? आमचं म्हणणं फार थोडकं आहे. तुमचा देह तुमचा. राजाचा नाही, जातीचा नाही, नवऱ्याचा नाही, बहुमताचाही नाही. देह तुमचा म्हणून श्रम तुमचे, आणि श्रमातून किंवा राजीखुशीच्या व्यवहारातून जे मिळालं तेही तुमचं. कुणी कुणावर आपण होऊन हात उगारायचा नाही आणि कुणाला फसवायचं नाही. एवढं पाळून दोन शहाणी माणसं आपसात जे ठरवतील त्यात तिसऱ्याने पडायचं नाही. सरकार असेल तर ते रखवालदाराएवढं असावं. चोराला धरावं, करार मोडणाऱ्याला जाब विचारावा आणि बाकी वेळ गप्प बसावं."

"तिसरा चांगल्या हेतूने पडला तर?"

"तोच सगळ्यात धोक्याचा. वाईट हेतूवाल्याला लोक ओळखतात आणि दार लावतात. चांगल्या हेतूवाला तुमच्या भल्यासाठी तुमच्या घरात शिरतो आणि मग निघत नाही. सगळ्या जुलमी राजवटी लोकांच्या कल्याणासाठीच होत्या."

मला राग आला, कारण बोलणं पटण्यासारखं होतं. आमच्या खात्यातले नियम आठवले. एकदा एका बाईची लोणच्याची बरणी मी नियमावर बोट ठेवून फेकून दिली होती, आणि त्या नियमाचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

"ठीक," मी म्हटलं. "पण एखादा स्वतःलाच विकायला निघाला तर? उद्यापासून तो स्वतंत्रच राहणार नाही. मग तुमच्या स्वातंत्र्याचं काय उरलं?"

कोपरकरांनी मान डोलावली. "आमच्यातही यावर वाद आहे. काही म्हणतात, इच्छा विकता येत नाही, ती माणसाला चिकटलेलीच असते, म्हणून असला करार पोकळ. मी म्हणतो, जे मला देऊन टाकता येत नाही ते माझं कसं? विकायला तुम्ही बंदी केलीत, म्हणजे मालक तुम्ही झालात. प्रश्न फक्त एकच राहतो. त्याने खरोखर स्वतःहून 'हो' म्हटलं का? जुन्या जगात हे कळायला मार्ग नव्हता. सहीवरून काय कळतं? आता कौल आहे. डॉक्टरांनी मुखत्यारी दिली तेव्हा दिवा हिरवा होता. मी समोर होतो."

"मला ते यंत्र तपासायचं आहे."

मला वाटलं ते टाळतील. ते म्हणाले, "जरूर. रेगेबाईंनी बनवलंय. माझ्याकडून काही लपवाछपवी नाही." आणि माझ्यासाठी त्यांनी फोनही केला. त्यामुळे मी आणखी सावध झाले.

* * *

अश्लेषा रेगे यांची प्रयोगशाळा एका बंद पडलेल्या काजूच्या कारखान्यात होती. अजूनही टरफलांच्या तेलाचा उग्र वास भिंतींना होता. बाई चाळिशीच्या, केस कापलेल्या, आणि अजिबात नम्र नव्हत्या. मला त्या लगेच आवडल्या.

"बाई, भूल देऊन, घाबरवून किंवा पढवून हा दिवा हिरवा करता येतो का?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी पट्टी उलटी करून आतले बारीक ठिपके दाखवले. "यातून डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश कपाळातून आत जातो. कवटी त्याला फारशी अडवत नाही. आत मेंदूच्या पुढच्या भागात जिथे काम चालू असतं तिथे ताजं, प्राणवायू भरलेलं रक्त धावतं, आणि ताजं रक्त हा प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परतवतं. परत आलेल्या उजेडावरून कळतं की कुठे काम चाललंय. माणूस आवडीने निवडतो तेव्हा हे चित्र एक असतं. धाकाखाली निवडतो तेव्हा वेगळं. त्यात त्याचं लक्ष मिळणाऱ्या गोष्टीकडे नसतं, टळणाऱ्या संकटाकडे असतं. हजारो माणसांवर यंत्राला हा फरक शिकवलाय. भूल दिली तर चित्रच उमटत नाही, दिवा पेटत नाही."

मी पट्टी बांधून घेतली आणि त्यांना म्हटलं, मला घाबरवा. त्यांनी टेबलावरची माझी पर्स उचलून, न बोलता, तेलाच्या पिंपावर धरली. "सोडू का? हो म्हणा, नाहीतर फोनही टाकते." मी हो म्हटलं. दिवा लालभडक झाला. यंत्र चोख होतं.

मला वाईट वाटलं. यंत्र खोटं निघावं यासाठी मी इतक्या लांब आले होते.

"मग माझा भाऊ खरंच राजी आहे म्हणायचा," मी म्हटलं. "आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही त्याला. शिरवाळेसुद्धा नको म्हणता येत नाहीत."

रेगेबाई पट्टी पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" मी विचारलं. थांबलेला हात मी ओळखते.

"भिडस्त आहेत का ते?"

"सरकारने बिल्ला द्यावा इतका."

त्यांनी खुर्ची ओढली. "पहिली चाचणी आम्ही पुण्यात घेतली होती. दिवा सारखा लाल. जेवायला थांबा म्हटलं, हो, लाल. मुलाच्या मुंजीला या, हो, लाल. जरा आमच्याबरोबर फोटो, हो, लाल. लग्नाची बोलणी तर विचारूच नका. घाबरलेलं कुणीच नव्हतं, पण कुणाचं मन मोडायला नको म्हणून दिलेला होकार मेंदूत धाकासारखाच दिसतो. थोडा फिका, पण त्याच जागी. आमच्या लोकांचे निम्मे होकार त्यातले. तसं यंत्र बाजारात आणलं असतं तर महाराष्ट्रात एक करार झाला नसता."

"मग काय केलंत?"

"भीड वजा केली. तुम्ही डब्यासकट माल तोलता आणि डब्याचं वजन काढून टाकता ना, तसं. आधी माणसाला चार किरकोळ आग्रह करायचे, त्याची नेहमीची भीड किती ते यंत्राने मोजायचं आणि पुढच्या प्रत्येक होकारातून तेवढी काढून टाकायची. त्याच्या वर जे उरेल ते दडपण. मूळ सुचवणी माझ्या प्रमुखांची होती." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मला पटली नव्हती. पण ते इतक्या आशेने बघत होते की मी हो म्हटलं."

मग आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं फार टिकलं नाही. कारण हिशेब सरळ होता. साध्या माणसाच्या होकारातून चिमूटभर भीड वजा होत होती. विश्रामच्या होकारात भिडेशिवाय काही नव्हतंच, आणि यंत्राने ती सगळी काढून टाकली होती.

"वजाबाकी न करता त्याला तपासता येईल?"

"जुनं यंत्र आहे माझ्याकडे. पण इथल्या न्यायालयात ते चालत नाही. चालतं ते नवंच."

"न्यायालयाचं नंतर बघू," मी म्हटलं.

* * *

शनिवारी दुपारी आम्ही विश्रामच्या ओटीवर जमलो. तो, मी, पद्मजाबाई, रेगेबाई आणि कोपरकर. सगळ्यांनी सगळ्यांची परवानगी घेतली. विश्रामच्या कपाळावर दोन पट्ट्या बांधल्या, वर जुनी, खाली नवी. तो बिचारा देवळातल्या नंदीसारखा बसला होता. पद्मजाबाईंनाही मी आनंदाने येऊ दिलं, कारण पकडलेला माल मालकासमोरच उघडायचा असतो.

कोपरकरांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही पद्मजाबाईंना आजीवन मुखत्यारी देताय. राजी आहात?"

विश्रामने पद्मजाबाईंकडे पाहिलं. "हो. राजी."

खालचा दिवा हिरवा झाला. वरचा लाल.

मला वाटलं, टाळी वाजवावी. पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. खरंच उतरला, ते नाटक नव्हतं. "डॉक्टर," त्या हळू म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत की."

"तसं काही नाही हो," विश्राम कासावीस होऊन म्हणाला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"झालं ना कोपरकर?" मी म्हटलं. "तुमच्या राजीखुशीच्या राज्यात या माणसाने मुखत्यारीही शिरवाळ्यांसारखी भिडेपोटी वाढून घेतलीय. चल विशू. ठाण्याला चल माझ्याबरोबर. तिथे तुझी खोली आहे, तुला कुणी काही विचारणार नाही. येतोस ना?"

"हो ताई. येतो ना."

रेगेबाई माझ्याकडे न बघता वरच्या दिव्याकडे बघत होत्या. तो लाल होता. मघापेक्षा गडद.

मी पुढे होऊन पट्टी सैल झाली आहे का ते पाहिलं. नव्हती. "परत विचारते," मी म्हटलं. "विशू, मनापासून सांग."

"मनापासून, ताई," तो म्हणाला, आणि दिवा आणखी गडद झाला.

माझे कान गरम झाले. मी त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी त्याला फसवलं नव्हतं. कोपरकरांच्या सगळ्या कसोट्यांना मी उतरले असते. तरी तो दिवा लाल होता, आणि तो पद्मजा आंगणेच्या लालपेक्षा लाल होता. एवढं मला लागलं की क्षणभर मी यंत्राचा, रेगेबाईंचा, आपल्या भावाचाही संशय घेतला.

"मग तुम्हीच सांगा, डॉक्टर," कोपरकर शांतपणे म्हणाले. "आम्ही कुणी काही सुचवत नाही. तुम्हाला काय हवंय?"

आम्ही वाट बघत बसलो. सड्यावर वारा होता. विश्रामने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पद्मजाबाईंकडे, मग स्वतःच्या पायांकडे. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. दुखऱ्या दाढेवर बोट ठेवल्यावर त्याच्या रोग्यांचं तोंड होत असेल तसं त्याचं तोंड झालं होतं.

"मला नाही ठरवायचं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही दोघीच काय ते ठरवा. इथे ठेवा, ठाण्याला न्या. मला खरंच चालेल."

खालचा दिवा हिरवा झाला. मग वरचाही. फिका, पोपटी, अगदी निर्मळ हिरवा. रेगेबाईंनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात भीड नाही. काहीच नाही. हे त्यांचं स्वतःचं आहे."

विश्रामने पट्ट्या सोडल्या आणि मोठ्ठा श्वास घेतला. "चहा टाकतो सगळ्यांना," असं म्हणून तो आत गेला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. नलू गेल्यापासून मी त्याला गाताना ऐकलं नव्हतं. सूर कच्चा होता, पण आवाज मोकळा होता.

"म्हणजे आता काय?" मी विचारलं.

"आता तर काही शंकाच नाही," कोपरकर म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा गुळगुळीत नव्हता. "स्वतःचं न ठरवणं हे त्यांनी स्वतः ठरवलंय. मुखत्यारपत्रात दुसरं काय असतं? फक्त त्यांनी दोघींची नावं घेतली. तुम्ही दोघी बोला. सूर्यास्तापर्यंत काही ठरलं नाही तर आहे तेच पत्र पक्कं होईल."

पद्मजाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मला तो लाल दिवा आवडला नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचाही लालच होता. माझ्याकडे ते सुखात राहतील, ताई. तुम्ही केव्हाही या. मी नाही म्हणणार नाही."

"आणि उद्या म्हणालात तर?"

"तर म्हणाले," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

सूर्य सड्याच्या कडेवर टेकायला आला होता. मी विचार करत होते. कोपरकरांचं म्हणणं खरं असेल तर मी आता उठून जायला हवं होतं. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा निर्मळ मनाने काहीतरी मागितलं होतं, आणि ते मी त्याला द्यायचं की नाही हा प्रश्न होता. पण आजीवन, परत न फिरणारं, पळाला तर धरून आणणारं, असलं दार मी त्याच्यावर लावू देणार नव्हते. नऊ हिरवे दिवे लागले असते तरी नाही. आज त्याला नको असलेलं उद्या हवंसं वाटलं तर? तेवढी फट तरी त्याला राहायला हवी. तिसऱ्याने पडू नये म्हणतात. मी तिसरी नव्हते, त्याची बहीण होते. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"विशू," मी हाक मारली. आईच्या माघारी मी वापरायचे तोच हा आवाज, हे मला कळत होतं. "बाहेर ये."

तो हात पुसत दारात आला.

"पट्ट्या बांध. कोपरकरांना सांग की मुखत्यारी मागे घेतो."

"पण तुम्ही दोघींनी ठरवलं का?"

"मी ठरवलं."

त्याने पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्या तोंड फिरवून बसल्या. रेगेबाईंनी दोन्ही पट्ट्या बांधल्या. तो कोपरकरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी मुखत्यारी मागे घेतो."

वरचा दिवा लाल झाला. खालचा हिरवा. कोपरकरांनी वरच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पण त्यांच्या राज्यात खालचा चालतो, आणि ते शब्दाचे पक्के होते. "पत्र रद्द," ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही पूर्ण स्वतंत्र आहात."

"कपडे भर," मी विश्रामला म्हटलं. "अंधार पडायच्या आत निघू."

"हो ताई," तो म्हणाला आणि आत गेला. कपाटाचं दार वाजलं, मग बॅगेची चेन. चहा उकळून शेगडीवर सांडल्याचा वास आला. मी ओटीवर उभी राहून कान देऊन ऐकत होते, पण तो पुन्हा गुणगुणला नाही.